आठवी बशी

गणपती होऊन गेलेत.
चिऱ्याच्या भिंतीला शेवाळ, कौलांच्या फटीत नेचे,
तांडेलांच्या बंद टेम्पोच्या टपावर
हातभर गवत, आणि गवताला तुरेसुद्धा.
ह्या दिवसांत वायंगणीत
दगड सोडून सगळं रुजतं.

फक्त सुरूबनात नाही.
तिथे सुया. तपकिरी, चपला रुततील इतक्या.
टाकळा नाही, आघाडा नाही,
लाजाळूसुद्धा कडेला येऊन थांबलेली.
वर वारा भरतीसारखा वाजतो
आणि समुद्र तिकडे कधीचा ओहोटीला गेलेला असतो.

मी गोणपाटात सुया भरते.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर मी, सतरा वर्षं.
शंभर ग्रॅम सुया, एक लिटर पाणी, एक रात्र.
सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं.
धारगळकर मॅडम ते वासही न घेता गाळतात,
मी घेते. ओल्या होडीचा वास येतो.

सात बश्या. प्रत्येकीत पंचवीस दाणे नाचणीचे.
पहिलीत नळाचं पाणी,
मग थोडं थोडं गडद करत सातवीत सगळाच अर्क.
तिसऱ्या दिवशी पहिली बशी
पांढऱ्या शेपट्यांनी गजबजलेली.
सातवीत दाणे फुगलेत नुसते.
एकाने मूळ काढलं होतं, एवढंसं,
ते टोकाशी काळं पडून मागे वळलेलं,
दुपारच्या वाळूत पाय टाकून
काढून घ्यावा तसं.

मोजणं माझं काम. लिहिणं मॅडमचं.
"एवढ्यावर काही म्हणायचं नाही हं, शेवंती," त्या म्हणतात,
"बशी ती बशी. वाळूत सावली असते, खार असतो,
तहान असते. कशाने मेलं
ते झाड सांगत नाही."

हे सुरू माझ्या बापाने लावलेत.
वादळाच्या वर्षी वाळू कुणग्यांत घुसली,
मग वनखात्याची रोजंदारी निघाली.
दोन उन्हाळे त्याने कावडीने पाणी घातलं,
खांद्याला घट्टा पडला तो शेवटपर्यंत होता.
वाळू थांबली. आम्ही त्या कुणग्याचा भात खाल्ला.
ह्या झाडांना मी वाईट कशी म्हणू?

एकदा विचारलं होतं त्याला, खाली काहीच का येत नाही.
बिडी विझवत म्हणाला,
"झाड कोणाचा वायट करणा नाय गो.
ता आपलो पालो टाकता, बस."

लग्नानंतर बारा वर्षं
मी सासरच्या माजघरात बोलले नाही.
बोलू नको, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

आठवी बशी वहीत नाही.
खिडकीमागे, रिकाम्या बाटल्यांच्या आड ठेवलेली.
तिच्यात मर्यादवेलीच्या पाच बिया,
सुरूंच्या आधी ह्या पुळणीवर तीच होती,
भरतीच्या रेषेवर जांभळी फुलं घेऊन.
बी कठीण असतं तिचं. घरी सहाणेवर घासून आणलं,
चंदनासारखं, सावकाश,
आत पांढरं दिसेपर्यंत.
आणि वर सातव्या बशीचंच पाणी.

अकरा दिवस.
चार बिया कुजल्या, त्यांना बुरशी धरली.
पाचवीने मूळ काढलं, तांबूस, जाडसर.
वळलं नाही.

एका बीवरून काही म्हणायचं नाही,
मॅडमना विचारायची गरजच नव्हती.
शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर
ती मी रुमालात घेऊन गेले,
सुया संपतात आणि वाळू सुरू होते
तिथे, सुयांच्या बाजूला वीतभर आत,
बोटाने खळगा केला.

तेव्हापासून पायवाटेने येते,
पुळणीवरून नाही.
विचारलं कुणी तर सांगते, चपलांत वाळू जाते.